पटावरचे आकाश

लखनौ आणि खेळ यांची सांगड आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, ती कोणी बसवली आणि का, हे आपण सहसा विचारत नाही. बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले दोन उमराव, शहरात शिरणारी कंपनीची फौज आणि एक राज्य लढाईवाचून बुडाल्याची हळहळ, हे चित्र मराठी वाचकाच्याही परिचयाचे आहे. प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा १९२४ साली प्रसिद्ध झाली. सत्यजित राय यांचा तिच्यावरचा चित्रपट १९७७ साली आला. कथेतले मिर्झा आणि मीर अखेरीस तलवारी उपसून एकमेकांचा जीव घेतात. चित्रपटातले ते दोघे जिवंत राहतात आणि पुन्हा पट मांडतात. फक्त आता तो इंग्रजी पद्धतीचा असतो, वजिराची जागा राणीने घेतलेली असते. प्रेमचंद खेळणाऱ्यांना मृत्यूची शिक्षा देतात. राय त्यांना खेळत राहण्याची शिक्षा देतात. दोहोंपैकी अधिक कठोर कोणती, हे ठरवणे सोपे नाही.

वस्तुतः अवधचे राज्य पटापायी गेले, हा समज जेत्यांच्या सोयीचा होता. १८०१ च्या तहाने नबाबाचा जवळजवळ निम्मा मुलूख कंपनीने आधीच घेतलेला होता. गैरकारभाराचा ठपका ठेवून ७ फेब्रुवारी १८५६ रोजी उरलेले राज्य खालसा करण्यात आले. वाजिद अली शाह याने नव्या तहावर सही करण्याचे नाकारले आणि आपली पगडी रेसिडेंट जेम्स आउटरम याच्या हाती ठेवली. हा आउटरम म्हणजे तरुणपणी खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा तोच अधिकारी. खेळणारे लखनौचे होते हे खरे; पण पट कोणी मांडला होता, याचे उत्तर खेळणाऱ्यांच्या स्वभावात सापडत नाही. खेळावरचा आरोप पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी हिशेबावर पांघरूण घालण्यासाठी असतो. खेळाविषयी लिहिताना एवढी सावधगिरी मला आरंभापासूनच बाळगावीशी वाटते.

राय यांच्या चित्रपटात आउटरमची भूमिका रिचर्ड ॲटनबरो यांनी केली होती. त्याच वर्षी, १९७७ मध्येच, ॲटनबरो यांनी दिग्दर्शित केलेला 'अ ब्रिज टू फार' हा चित्रपटही प्रदर्शित झाला. कॉर्नेलियस रायन यांच्या १९७४ च्या ग्रंथावर आधारलेल्या या चित्रपटाचा विषय होता सप्टेंबर १९४४ मधील हॉलंडची हवाई चढाई, आर्नहेमच्या पुलासाठी झालेली लढाई. एकाच माणसाने एकाच वर्षी लखनौच्या पटाशेजारी उभे राहावे आणि आर्नहेमच्या आकाशातून सैनिकही उतरवावेत, या योगायोगाला फार अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. परंतु माझ्या आयुष्यात हे दोन्ही पट लखनौच्याच एका जेवणाच्या टेबलावर शेजारी येऊन बसले, म्हणून हे लिहिणे.

गेली काही वर्षे मी वर्षातले तीन-चार महिने गोमतीनगरात लेकीच्या घरी असते. १९२६ साली भातखंड्यांनी संगीताचे महाविद्यालय काढले तेव्हापासून सुशिक्षित मराठी माणसाला लखनौ परके राहिलेले नाही. माझा नातू अकरावीत आहे. त्याच्याकडे संगणकावरचा एक जुना युद्धखेळ आहे, १९९७ सालचा 'क्लोज कॉम्बॅट' मालिकेतला. त्याचे नावही 'अ ब्रिज टू फार' हेच. मी प्रथम कुतूहलाने आणि मग काहीशा व्यावसायिक सवयीने तो पाहू लागले. त्या खेळातल्या प्रत्येक सैनिकाला नाव आहे आणि प्रत्येकाची एक मनःस्थिती आहे. गोळीबार वाढला की सैनिक जमिनीला चिकटतो, फार घाबरला तर हुकूम ऐकत नाही, कधी पळूनही जातो. बुद्धिबळातले प्यादे कधी घाबरल्याचे ऐकिवात नाही. भयानक रसाचा स्थायीभाव एखाद्या खेळाच्या नियमांत उतरलेला पाहून मला प्रामाणिकपणे आदर वाटला.

नातवाचे मात्र एवढ्यावर समाधान होत नव्हते. त्याला हवा होता तो निर्णय लढाईच्या आधीचा होता: माणसे उतरवायची कोठे, केव्हा आणि किती. म्हणून त्याने आणि त्याच्या एका मित्राने उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःचा पट तयार केला. मोठ्या कागदावर षट्कोनी घरे आखली, नदी निळी केली, पूल तांबडा केला. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून चकत्या कापल्या. एक चकती म्हणजे शंभर माणसे. वाऱ्यासाठी एक फासा, धुक्यासाठी दुसरा. आणि मला विचारले, "आजी, तू पंच होशील? दोघांचेही नकाशे फक्त तुलाच दिसतील."

ही कल्पना मुळात त्यांची नव्हती. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसवित्स या अधिकाऱ्याने जो युद्धखेळ रूढ केला, त्यात हीच व्यवस्था होती. दोन्ही पक्षांना प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसेल तेवढेच पटावर दिसावे, बाकीचे पंचाने जाणावे आणि दैवाचा वाटा फाशांवर सोपवावा. बुद्धिबळात सारेच उघड असते. या खेळात अज्ञान हाच नियम झाला. समीक्षकाला ही जागा अपरिचित नाही. दोन्हीकडचे दिसते, खेळता मात्र येत नाही.

पंच म्हणून बसल्यावर छत्रीधारी सैनिकांच्या चढाईचे गणित मला हळूहळू समजू लागले. आकाशातून उतरणारा सैनिक ऐकताना अजिंक्य वाटतो. प्रत्यक्षात तो फार हलका सैनिक असतो. त्याच्यापाशी मोठ्या तोफा नसतात, रणगाडे नसतात. असतो तो दारूगोळा एक-दोन दिवसांचा. त्याचे खरे शस्त्र म्हणजे शत्रूला बसलेला धक्का, आणि तो धक्का तासातासाला विरत जातो. तेवढ्या वेळात जमिनीवरून येणारी फौज त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. म्हणजे हवाई चढाईची योजना ही खरे पाहता तीन अंतरांची योजना आहे: विमानतळापासून उतरण्याच्या जागेचे, उतरण्याच्या जागेपासून पुलाचे, आणि पुलापासून आपल्या माणसांचे. नातवाच्या भाषेत सांगायचे तर, "विमानं किती ते आधी मोजायचं, आजी. शूर किती ते नंतर."

आर्नहेमला ही तिन्ही अंतरे चुकली. विमाने अपुरी होती, म्हणून ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन एका दिवसात उतरवता आली नाही. ती टप्प्याटप्प्याने उतरवायची ठरली आणि पहिल्या दिवसाचा धक्का पुढच्या दिवसांसाठी शिल्लक राहिला नाही. उतरण्याच्या जागा पुलापासून दहा-बारा किलोमीटर दूर निवडल्या गेल्या. जमिनीवरच्या फौजेला सुमारे शंभर किलोमीटर यायचे होते, तेही जवळजवळ एकाच रस्त्याने, वाटेतला प्रत्येक पूल ताब्यात घेत. ब्रायन अर्कहार्ट या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने आर्नहेमच्या आसपास जर्मन रणगाडे दिसत असल्याची हवाई छायाचित्रे वरिष्ठांपुढे ठेवली. त्याला आजारपणाच्या रजेवर पाठवण्यात आले. १७ सप्टेंबरला उतरलेल्यांपैकी जॉन फ्रॉस्ट यांच्या हाताखालचे साडेसातशेच्या आत-बाहेर सैनिक पुलाच्या उत्तर टोकापर्यंत पोचले आणि २१ तारखेच्या पहाटेपर्यंत तेथे टिकले. ऱ्हाइनच्या उत्तरेला गेलेल्या सुमारे दहा हजारांपैकी अडीच हजारांहूनही कमी माणसे परत आली.

माझ्या नातवाचा आक्षेप सरळ होता. विमाने पुलाजवळच का उतरवली नाहीत? उतरताना जास्त माणसे पडली असती, पण पूल हाती आला असता. त्याने तसा डाव मांडला. मी फासे टाकले. पहिल्या संध्याकाळी वाऱ्याने आणि तोफांनी मिळून अकरा चकत्या खाल्ल्या. मी त्या उचलून सुपारीच्या रिकाम्या डबीत टाकल्या. पूल त्याच्या हाती आला. तो आनंदाने उठला, पाणी प्यायला, परत आला आणि त्याने डबी पटावर उपडी केली. मेलेले सगळे उठून पुन्हा विमानात बसले.

खेळ आणि युद्ध यांतला भेद मला त्या एका कृतीत दिसला, आणि तो मी आजवर वाचलेल्या पुष्कळ व्याख्यांपेक्षा स्पष्ट होता.

माणूस आकाशातून उतरवण्याचे स्वप्न विमानापेक्षा जुने आहे. पॅरिसमध्ये माणसाने फुग्यातून पहिली भरारी घेतली, त्याला दोन महिने होतात न होतात तोच, १७८४ च्या जानेवारीत, बेंजामिन फ्रँकलिन यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात पाच हजार फुगे आणि प्रत्येकात दोन माणसे, असा हिशेब मांडला होता. ढगांतून उतरणारी दहा हजारांची फौज कोणता राजा अडवू शकेल, असा त्यांचा प्रश्न होता. ही हवा लखनौला पोचायला फार वेळ लागला नाही. आसफउद्दौल्याच्या दरबारी असलेला क्लॉड मार्टिन हा फ्रेंच गृहस्थ तोफा ओतणे, घड्याळे जमवणे, इमारती बांधणे अशा अनेक उद्योगांत निष्णात होता. गरम हवेचे फुगेही त्याने उडवून पाहिले होते. त्यावर अशी हकीगत सांगितली जाते की, वीस माणसे वाहून नेईल असा फुगा करण्याची फर्माईश नबाबाने केली. मार्टिनने सांगितले, माणसांच्या जिवाला धोका आहे. नबाबाचे उत्तर असे होते की, ती काळजी तुम्ही करू नका, तुम्ही फक्त फुगा करा.

या हकिगतीला हसणे सोपे आहे. परंतु नबाबाला बाजूला ठेवून ते उत्तर तेवढे पाहावे. छायाचित्रांतले रणगाडे दिसत असूनही त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्या १९४४ च्या सेनाधिकाऱ्यांचे उत्तर याहून निराळे होते काय? नबाब निदान करमणुकीसाठी फुगा मागत होता.

लखनौने एक हवाई चढाई मात्र प्रत्यक्ष पाहिली आहे, आणि तीत कोणी जखमीही झाले नाही. १९२८ मध्ये सायमन कमिशन या शहरात आले तेव्हा कैसरबागेत तालुकदारांनी त्याला मेजवानी दिली. बाहेरच्या वाटा पोलिसांनी रोखल्या होत्या. लखनौकरांनी आकाशाची वाट घेतली: सायमनला परत जाण्यास सांगणारे पतंग आणि फुगे मेजवानीवर उतरू लागले.  त्याच दिवसांत या शहराच्या रस्त्यावर जवाहरलाल नेहरूंनी लाठ्याही खाल्ल्या होत्या. लक्ष्य, वारा आणि योग्य क्षण या तिन्ही गोष्टी त्या चढाईने अचूक साधल्या. मला ती नमुनेदार योजना वाटते.

खेळ म्हणजे काय, याचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा विवेचक योहान हुइझिंगा हा डच इतिहासकार होय. त्याचा 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ १९३८ चा. संस्कृतीच्या मुळाशी क्रीडावृत्ती आहे, खेळ स्वतःसाठी एक मर्यादित जागा आणि एक मर्यादित वेळ आखून घेतो, आणि त्या कुंपणाच्या आत त्याचे नियम सर्वश्रेष्ठ असतात, हा त्याचा सिद्धान्त. या ग्रंथात महाभारतातल्या द्यूताचा विचार आहे, आणि युद्ध व खेळ यांच्या नात्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्याकडच्या अभ्यासकांना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट अशी की, हुइझिंगाचा डॉक्टरेटचा प्रबंध, १८९७ सालचा, संस्कृत नाटकातील विदूषकावर होता. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी जी दोन टोके दाखवली, त्यांत हुइझिंगाचा खेळ अलौकिकाच्या बाजूला झुकतो. तो जगण्याच्या व्यवहारातून बाहेर काढलेला असतो, म्हणूनच निर्मळ असतो.

परंतु लौकिकाने हुइझिंगाला सोडले नाही. जर्मन अमलात १९४२ साली त्याला स्थानबद्ध करण्यात आले. सुटकेनंतरही लायडेनला परतू दिले नाही. तो एका सहकाऱ्याच्या घरी, दे स्तेग या खेड्यात राहिला आणि १ फेब्रुवारी १९४५ रोजी तेथेच वारला. हे दे स्तेग आर्नहेमपासून काही किलोमीटरवर आहे. म्हणजे १९४४ च्या सप्टेंबरात आकाशातून माणसे उतरत होती आणि तो पूल पेटला होता, तेव्हा खेळाचा हा थोर मीमांसक तोफांच्या टप्प्यात नसला तरी त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात होता. आधुनिक सर्वंकष युद्धात खेळाचा अंश उरलेला नाही, असे त्याने सहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

खेळाचे कुंपण कोणत्या बाजूने मोडते, याचे उदाहरणही त्याच आघाडीवरचे आहे. आर्नहेमला जर्मनांचा सेनापती फील्ड मार्शल मोडेल होता. पुढे नोव्हेंबरच्या आरंभी तो आपल्या सेनाधिकाऱ्यांसह नकाशावरचा युद्धखेळ खेळत असताना, ज्या भागाचा खेळ चालला होता त्याच भागावर, ह्यूर्टगेनच्या जंगलात, अमेरिकनांनी खरीखुरी चढाई केली. मोडेलने ज्यांची तेथे नितान्त गरज होती त्यांना पाठवले आणि बाकीच्यांना खेळ पुढे चालू ठेवण्यास सांगितले. आता पटावरच्या हालचाली आघाडीवरून येणाऱ्या बातम्यांप्रमाणे होणार होत्या. सैनिकी दृष्टीने हा निर्णय वाखाणला जातो. मला मात्र त्या खोलीतल्या पंचाची आठवण येते. त्याने टाकलेल्या चकत्या परत डबीबाहेर येणार नव्हत्या.

एका दुपारी मी नातवाला म्हटले, "अकरा चकत्या म्हणजे अकराशे माणसे. पूल मिळाला तेव्हा तू त्यांचे नावही काढले नाहीस."

तो गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. म्हणाला, "आजी, तू कॉलेजात युद्धाची वर्णनं शिकवायचीस ना? अठरा अक्षौहिणी म्हणायचं आणि पुढे जायचं. तिथं कोण नावं काढतं?"

प्रश्न नेमका होता. मी त्याला स्त्रीपर्व काढून दाखवले. युद्ध संपले आहे. कुरुक्षेत्रावर बायका आपापली माणसे शोधत फिरत आहेत. आणि धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आकडा सांगतो: १६६ कोटी २० हजार. हा आकडा कोणीही इतिहास म्हणून घेणार नाही. पण लगेच पुढे तो ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशांचा आकडा सांगतो, आणि तो आहे २४,१६५. मेलेल्यांची संख्या कोटींच्या मापात. हरवलेल्यांची मात्र शेवटच्या पाचापर्यंत मोजलेली. अध्यापनाच्या काळात मी प्रत्येक वर्गाला हा भेद दाखवीत असे. जो मेला त्याचा शोक करता येतो. जो सापडला नाही त्याच्यासाठी कोणीतरी दार उघडे ठेवून बसलेले असते. त्याला 'सुमारे' म्हणता येत नाही.

महाकाव्यालाही युद्ध हा एक पट असतो. व्यूह, चाली, प्रतिचाली यांची हौस व्यासांना कमी नव्हती. फरक इतकाच की, युद्धाची पर्वे संपल्यावर स्त्रीपर्व येते. संगणकावरचा खेळ विजयाच्या पाटीशी थांबतो. माझी तक्रार त्या खेळातल्या हिंसेबद्दल नाही. त्यातल्या शेवटाबद्दल आहे.

त्याच सुट्टीत माझे मावसभाऊ काशीहून परतताना तीन दिवस आमच्याकडे राहिले. सातारा जिल्ह्यातले आमचे आजोळ. घराघरात एखादा फौजी. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा १९७१ मध्ये बावीस वर्षांचे होते आणि पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत होते. ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे याच पलटणीचे. पुढे ती छत्रीदलात गेली आणि १९५२ मध्ये तिला आजचा क्रमांक मिळाला.

११ डिसेंबर १९७१ रोजी दिवस कलताना या पलटणीचे सुमारे सातशे जण, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली, ढाक्याच्या उत्तरेला टांगाइलजवळ उतरले. पुंगलीचा पूल धरायचा आणि मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे मागे सरकणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, ही कामगिरी होती. खाली कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीचा मुलूख होता. गावकऱ्यांनी शेतातळ्यांत विखुरलेले सामान उचलून आणून दिले. पूल रात्री हाती आला. जमिनीवरून येणारी मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण चोवीस तासांच्या आत येऊन मिळाली. पाच दिवसांनी ढाका पडले. आर्नहेमलाही पुलापर्यंत पोचलेली मुख्य तुकडी ब्रिटिश छत्रीदलाची दुसरीच पलटण होती, आणि तेथे पोचलेले सारे मिळून सातशेच्या घरातलेच होते. शौर्याचे माप दोन्हीकडे सारखेच धरावे लागेल. भेद होता तो तिसऱ्या अंतराचा.

टांगाइलची आणखी एक गोष्ट समीक्षकाने लक्षात ठेवावी अशी आहे. उतरलेले सातशे होते. जगाच्या वृत्तपत्रांत आकडा आला पाच हजारांचा. सोबत छापले गेलेले छायाचित्रही त्या दिवसाचे नव्हते, आग्र्याच्या पूर्वीच्या एका सरावातले होते. ढाक्यात बसलेल्यांच्या मनोधैर्यावर या पाच हजारांनी केलेले काम खऱ्या सातशेंच्या बरोबरीचे असावे. फ्रँकलिनचे पाच हजार फुगे कल्पनेतच राहिले, पण एकशे सत्याऐंशी वर्षांनी कल्पनेतलेच पाच हजार सैनिक लढाईत उतरले. नॉर्मंडीच्या चढाईच्या रात्रीही, जून १९४४ मध्ये, कापडी बाहुल्यांना छत्र्या बांधून शत्रूच्या मागे टाकण्यात आले होते. युद्धालाही विदूषक लागतो; आणि त्याच्या चेष्टेने कधी कधी खऱ्या माणसांचे जीव वाचतात.

नातवाने दादांपुढे पट मांडला. दादांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला. वारा, अंतर, विमानांची संख्या यांविषयी दोन-चार प्रश्न विचारले. उत्तरे त्यांना पसंत पडली. मग म्हणाले, "झ्याक आहे नकाशा, बाळा. पण ह्यात छत्री बांधणारा कुठं दिसंना."

नातवाला कळले नाही. दादांनी सांगितले, "छत्री आपण बांधत नसतो. माघारी बसलेला कोणी एक माणूस ती घडी घालून बांधतो. दारात उभं राहिलं की मी त्याला मनात नमस्कार करायचो. त्याचं तोंड मी कधी बघितलं नाही. तो त्या दिवशी घरच्या काळजीत असता, तर माझं काय झालं असतं?"

"तुमच्यातले किती गेले, दादाआजोबा?"

"मोजकेच. पण मोजके म्हणजे किती, ते त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागतं." थोड्या वेळाने त्यांनी पुलाच्या घरावर बोट ठेवले. "आणि सकाळी इथं पडलेली ती पलीकडची पोरं... तीही माघारीच निघाली होती रे. वाटेत आम्ही होतो."

यापेक्षा अधिक ते बोलले नाहीत. पश्चात्तापाचा सूर त्यात नव्हता. त्या पुलाचा त्यांना अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण अभिमान आणि त्या मुलांचे माघारी निघणे, या दोन्ही गोष्टी ते गेली पन्नासहून अधिक वर्षे एकाच खिशात बाळगून आहेत. स्त्रीपर्वाचा अर्थ सांगताना यापुढे मला दुसऱ्या भाष्याची गरज पडेल असे वाटत नाही.

युद्धखेळ मुलांना क्रूर करतात, असे एक सोपे मत आहे. लखनौच्या पटावर केलेल्या जुन्या आरोपासारखेच ते मला वाटते. जगात ज्यांनी खऱ्या माणसांवर पाणी सोडले, ते खेळाडू होते म्हणून नव्हे. खेळ संपल्याचे त्यांना कळले नाही म्हणून. डबी उपडी केली की मेलेले उठतात, ही सवय मुलाला पटाशी असावी, सेनापतीला नकाशाशी नसावी. आणि दोहोंतला भेद कळण्यासाठी पट जाळून उपयोग नाही. पटाला स्त्रीपर्व जोडले पाहिजे. वाङ्मय हे काम फार पूर्वीपासून करीत आले आहे. समीक्षेने त्याची आठवण ठेवावी, इतकेच.

दादा गेल्यावर मुलांनी आपसांत एक नियम वाढवला. मला तो नंतर कळवण्यात आला. डबीत गेलेली चकती पुन्हा वापरायची नाही. तिच्या जागी नवी हवी असेल तर नवा पुठ्ठा शोधायचा, आखायचा, कापायचा आणि तिच्यावर एक नाव लिहायचे. चार दिवसांत घरातल्या लग्नपत्रिका संपल्या. डाव संथ झाले. उतरण्याच्या जागा पुन्हा पुन्हा मोजल्या जाऊ लागल्या. आर्नहेमच्या आधीच्या उन्हाळ्यात एकामागून एक हवाई चढाया आखल्या गेल्या आणि रद्द झाल्या. त्या रद्द होण्याला कंटाळलेल्यांनी अखेरची योजना घाईने उचलली, असे अनेक जाणकार सांगतात. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मी फासा टाकला आणि धुके आले. नातवाने विमाने मोजली, चकत्यांवरची नावे एकदा वाचली आणि चढाई रद्द केली. त्या डावाला गुण किती द्यावेत, याची तरतूद त्यांच्या नियमांत नव्हती. पंच या नात्याने मी ती करून घेतली.